अकरा डबे

१२ नोव्हेंबर १९७२, रविवार

आज पुन्हा वरून पडले. चहाचा चोथा, कांद्याची टरफले आणि कालच्या वरणाचे काहीतरी. आबा खिडकीशी बसून दाढी करत होते. सगळे गजांवर आपटले आणि अर्धे त्यांच्या आरशावर आले. त्यांनी धोतराच्या सोग्याने आरसा पुसला आणि उरलेली दाढी केली. वर पाहिलेसुद्धा नाही. मला तेच सहन होत नाही.

कारखान्याच्या कॉलनीत खोली मिळाली तेव्हा केवढा आनंद झाला होता. आई गेल्यावर आबांना गावाहून कोपरगावला आणले ते या खोलीच्या जोरावर. पक्के दार, कडी, फरशी. बी बिल्डिंग – तळमजला आणि वर दोन मजले, बारा खोल्या, बारा घरे. आमची खोली नंबर एक, तळमजल्यावर. वरच्यांना मागच्या बाजूला गॅलरी. आणि गॅलरीचा उपयोग काय? तर खाली फेकणे!

दिवाळीच्या आधी चारा नाही म्हणून कॉलनीचे बैल छावणीत पाठवले. तेव्हापासून कचऱ्याची गाडी बंद. ढीग आता नळाच्या ओट्याला टेकला आहे. त्या नळाला दिवसातून अर्धा तास पाणी येते, तेही टँकर आला तर. सगळी बिल्डिंग ढिगाशेजारी उभी राहून पिण्याचे पाणी भरते. बाया नाकाला पदर लावतात. पदर लावला की झाले.

१३ नोव्हेंबर, सोमवार

बॉयलरवर बगॅस ओढताना दिवसभर हाच विचार. ऊस आत येतो. रस काढून झालेले चिपाड, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जळते, त्याच्या वाफेवर सगळा कारखाना फिरतो. मळीची दारू होते. रसाचा गाळ न्यायला शेतकऱ्यांच्या गाड्या रांगा लावतात. राखसुद्धा वीटवाले नेतात. आत काही म्हणता काही फुकट जात नाही. शिफ्ट सुटली की तीच माणसे घरी येतात आणि गॅलरीतून ओततात.

आणि हे कुणी शहरातले नव्हेत. सगळे शेतकऱ्यांचे मुलगे. गावाकडे ज्याच्या त्याच्या घरामागे त्याचा उकिरडा असतो. केर, राख, शेण, टरफले सगळे त्यात, आणि उन्हाळ्यात शेतात. दुसऱ्याच्या उकिरड्यातली एक पाटी उचलली तर डोकी फुटतात. इथे बिल्डिंगला उकिरडा नाही. म्हणून घाण कुणाचीच नाही. म्हणजे सगळी माझ्या खिडकीची.

१५ नोव्हेंबर, बुधवार

चार नंबरच्या खोलीतली धाकटी मुलगी जुलाबाने दवाखान्यात. दहा नंबरचा मुलगा कालपासून तसाच. मी नळावर म्हणालो, हा ढीग बघा. तर म्हणतात, यंदाचे पाणीच वाईट आहे. पाण्यावर ढकलून मोकळे!

१९ नोव्हेंबर, रविवार

मच्छिंद्राशी बोललो, की खड्डा खणून बिल्डिंगचा उकिरडा करू, घराघराला एक डबा. तो माझ्याच बॉयलरवर असतो, राहतो पहिल्या मजल्यावर. म्हणाला, "सहाद्या, तू लई डोकं लावतोस. गाडी सुरू झाली की जाईल सगळं." मी म्हणालो, बैल जगले तर गाडी सुरू होणार. त्यावर तो हसला. पण खड्डा खणायला येतो म्हणाला.

कॉलनीचे सुपरवायझर श्रीमंतराव यांना विचारले. नळापासून लांब, कुंपणाकडेची जागा दिली. भंगारातले तेलाचे रिकामे डबेही न्यायला परवानगी दिली. "कर बाबा, पण माझ्याकडे कामाला माणूस मागू नकोस."

घरी येऊन आबांना सांगितले. त्यांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "खड्डा कर. चांगलं हाय. पन येक ध्यानात ठेव, सादेव. दुसऱ्याच्या घरची घान ह्या घरातलं मानूस उचलनार न्हाई. छप्पन सालालाच सोडलं ते आपन."

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. त्या दिवसापासून आबांनी गावची मेलेली ढोरे ओढणे बंद केले. दोन वर्षे गावाने आम्हाला कामाला बोलावले नाही, दुकानदाराने मीठ दिले नाही. आबांनी पुन्हा दोर हातात घेतला नाही. बी बिल्डिंगमध्ये आमचे एकच घर तसे. तोंडावर कुणी काही बोलत नाही. माझी घागर भरून झाली की मागची बाई नळाचे तोंड खळखळून धुते, एवढेच. पाणी नसलेल्या वर्षात त्यासाठी मात्र पाणी असते.

आबांना शब्द दिला.

२६ नोव्हेंबर, रविवार

आठवडाभर डबे करत होतो. बारा डबे. वरची बाजू कापली, धारेवर हात कापू नये म्हणून कड आत वळवली, जाड तारेच्या मुठी बसवल्या, प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने खोलीचा नंबर घातला. सातचा आकडा जरा तिरका गेला. पुसून पुन्हा काढला.

खड्डा आम्ही पाच जणांनी खणला. जुना ढीगही फावड्याने त्यातच ओढला, खाली बगॅसचा थर दिला. जिन्यात कागद लावला. त्यावर लिहिले की ओला केर डब्यात, आणि कागद, काच, पत्रा, चिंध्या जिन्याखालच्या पोत्यात. भांड्यांचे खरकटे पाणी गटारात न ओतता खड्ड्यावर शिंपडावे. ज्याचा डबा त्याने स्वतः न्यावा, वर दोन पाट्या माती लोटावी. ही ओळ मी दोनदा अधोरेखित केली.

कागद तीनदा लिहिला. शाळा सातवीतून सुटली, पण माझ्या कागदावर खाडाखोड असलेली मला चालत नाही.

६ डिसेंबर, बुधवार

आज सहा डिसेंबर. संध्याकाळी आबांनी आणि मी मेणबत्ती लावली.

१० डिसेंबर, रविवार

हे लिहून ठेवतो, कारण उद्या कुणी म्हणेल काही फरक पडला नाही. नळाच्या ओट्यावर माश्या नाहीत. गटार तुंबलेले नाही. चार नंबरची मुलगी खेळते आहे. जिन्याखालची दोन पोती भंगारवाला घेऊन गेला. चिंध्या वेगळ्या काढल्या होत्या, त्यातून अकरा नंबरच्या सुनेने बाळासाठी दुपटे शिवले. खड्ड्यात सकाळी हात घातला तर आत गरम लागते. म्हणजे शिजते आहे.

मच्छिंद्र म्हणाला, "सहाद्या, तुझा खड्डा आमच्या बॉयलरपेक्षा गरम." सगळे हसले. मीही.

१७ डिसेंबर, रविवार

दुसऱ्या मजल्यावर केशरबाई राहतात. साखर शिजवणाऱ्या पॅनमनची म्हातारी आई. गुडघे गेलेले. आज जिन्याच्या मधल्या वळणावर डबा टेकवून बसल्या होत्या, धाप लागली होती. मी मच्छिंद्राकडून खाली उतरत होतो. न बोलता त्यांचा डबा घेतला आणि खड्ड्यात रिकामा करून वर नेऊन दिला. म्हणाल्या, "औक्षवंत हो रं बाबा."

माणुसकी म्हणून केले. आबांना सांगितले नाही. सांगायला हवे होते का?

१८ डिसेंबर, सोमवार

 

सकाळी दार उघडले. दारात डबे. ओळीने. दोन, तीन, चार, पाच… बारापर्यंत. मीच घातलेले नंबर, मीच वळवलेल्या कडा. अकरा डबे, भरलेले, माझ्या उंबऱ्याला लागून. पाच नंबर मच्छिंद्राचा. त्यानेसुद्धा.

मी जिन्यात उभा राहून ओरडलो – हे काय आहे? वरून दारे उघडली. मच्छिंद्र बनियनवर खाली आला. "अरे, तू म्हातारीचा नेलास, मग आम्ही काय घोडं मारलंय तुझं? गंमत केली रे." मी म्हणालो, अकरा घरांनी एकाच वेळी गंमत केली? तो नखे कुरतडत उभा राहिला.

आणि केशरबाई वरून म्हणाल्या, "न्हे की रं सहादेवा. तुला काय त्याचं? तुमाला सवय हाय."

साध्या आवाजात म्हणाल्या. रागाने नाही, हिणवून नाही. भाजी स्वस्त झाली म्हणावे तशा. त्यानेच माझ्या अंगाची आग झाली. शिवी दिली असती तर उलटून दिली असती. कालचा औक्षवंत हो आणि आजचे हे, दोन्ही त्यांच्या मनात एकाच ठिकाणी आहे.

आबा मागे उभे होते. त्यांनी डब्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे. "तू न्हेलतास तिचा?" मी होय म्हणून मान हलवली. ते आत गेले आणि गाठोडे बांधू लागले. मी म्हणालो, आबा, ती म्हातारी आहे, तिचे गुडघे – "मलाबी गुडघं हायेत," ते म्हणाले. "म्या सोळा वर्सं दोर धरला न्हाई. तुला म्हैनाभर दम निघाला न्हाई."

दहाच्या एस.टी.ने पाथर्डीकडे गावी गेले. मी स्टँडपर्यंत मागे मागे गेलो. त्यांनी तिकीट स्वतःच काढले.

१९ डिसेंबर, मंगळवार

डबे दारात तसेच. मी त्यांना हात लावलेला नाही. ओलांडून जातो, ओलांडून येतो.

२० डिसेंबर, बुधवार

वास आता पहिल्या मजल्यापर्यंत गेला आहे. खुशाल जाऊ दे. मी बगॅसच्या धुळीत श्वास घेणारा माणूस आहे, मला कसलाच त्रास होत नाही.

जिन्यातल्या जुन्या कागदाखाली नवा कागद लावला. एकच ओळ: "जो माझा डबा एकदा नेईल, त्याचा डबा मी नेईन. खोली नंबर एक."

अर्ध्या तासात फाडला. पुन्हा लिहून लावला.

२१ डिसेंबर, गुरुवार

पुन्हा फाडला. पुन्हा लावला. तेच अक्षर, तीच शाई.

दुपारी टँकर आला. रांग माझ्या दारावरून जाते. बायांना पाणी भरेपर्यंत त्या वासात उभे राहावे लागले. संध्याकाळपर्यंत आठ डबे गेले. ज्याचे त्याने नेले, मान खाली घालून. मच्छिंद्राने सर्वांत आधी. मी दारात बसून तांदूळ निवडत होतो. एक खडा सोडला नाही.

२२ डिसेंबर, शुक्रवार

उरलेले तीनही गेले. कागद फाडलेला नाही. माझ्या डब्याला अर्थातच कुणी हात लावला नाही. तो मी नेला.

८ जानेवारी १९७३, सोमवार

श्रीमंतरावांनी ऑफिसात बोलावले. खुर्ची दिली! आजवर कधी दिली नव्हती. म्हणाले, "सहादेव, तुझं नशीब उघडलं. ऊस नाही, सीझन फेब्रुवारीतच आटोपणार. सीझनच्या सगळ्यांना घरी बसावं लागेल, खोल्या सोडाव्या लागतील. पण तुझं नाव मी वर पाठवलंय. कायम ऑर्डर. बघ."

कागद वाचला. सफाई कामगार, बी ते ई बिल्डिंग.

मी विचारले, हे मलाच का? ते म्हणाले, "अरे, तू किती नामी व्यवस्था केलीस. साहेबसुद्धा बघून गेले. कुंपणापाशी वास नाही, माशी नाही. तुझ्याइतकं चांगलं कोण करणार?" मी म्हणालो, खड्डा पाच जणांनी खणला. मच्छिंद्रही सीझनचाच आहे. त्याला दिली का ऑर्डर? तर हसून म्हणाले, "त्याला कशी देणार? त्याच्या घरचे काय म्हणतील?"

माझ्या घरचे काय म्हणतील, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. वाईट माणूस नाही. मनापासून आनंद झाला होता त्यांना. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचे आहे.

९ जानेवारी, मंगळवार

कायम म्हणजे ही खोली कायम. आबा परत आले तर त्यांच्या डोक्यावर छप्पर कायम. दुष्काळात कायम हा शब्द किती वजनाचा आहे, हे मला कळते. मी मूर्ख नाही.

पण मग पुढच्या वर्षी दारात चार बिल्डिंगचे डबे असतील आणि मला ओरडताही येणार नाही. कारण ते माझे कामच असेल.

१४ जानेवारी, रविवार

संक्रांत. केशरबाई जिन्याच्या तळाशी बसल्या होत्या, दवाखान्यातून आल्या होत्या. तिळगूळ पुढे केला. बोटे लागू नयेत म्हणून वरून हातात सोडला. मी मूठ मिटली, खाल्ला नाही.

म्हणाल्या, "राग धरलास व्हय? बोलन्याची रीत हाय रं आमची." मी म्हणालो, रीत तुमची आणि डबा माझा, असे किती दिवस चालणार? त्यांनी कागदाकडे बोट केले. "समदी जिन्यात थांबून बघत्यात. काय लिवलंय? मला वाचाया येत न्हाई."

मी वाचून दाखवले. जो माझा डबा एकदा नेईल, त्याचा डबा मी नेईन.

त्या कागदाकडे बघत राहिल्या. वाचता येत नाही, तरी बराच वेळ. मग "येडं हाय," म्हणून कठडा धरून वर गेल्या. कोण येडं, ते नाही सांगितले.

३० जानेवारी, मंगळवार

उत्तर दिले. चार वेळा लिहिले, पाचवा कागद दिला. बी बिल्डिंगचा कचरा बी बिल्डिंगने उचलावा, तसाच सी, डी आणि ई बिल्डिंगने आपापला. खड्डा कसा करायचा ते मी प्रत्येक बिल्डिंगमध्ये जाऊन शिकवीन, मेहनताना नको. मला कायम करायचे असेल तर बॉयलरवर करावे.

श्रीमंतरावांनी वाचून टेबलावर ठेवला. "शिकवीन म्हणतोस, आणि करायची लाज?" मी म्हणालो, लाज नाही. माझा डबा मी रोज नेतो. तुमचा कोण नेते? त्यांचा चेहरा बदलला. "जा. माजलास तू."

त्यांच्याकडे खुर्ची होती. मी या वेळी बसलो नव्हतो.

११ फेब्रुवारी, रविवार

कारखाना बंद झाला. बॉयलर थंड. पाच महिने चालायचा तो तीन महिन्यांत निजला. सीझनच्या लोकांनी अठ्ठावीस तारखेला खोल्या रिकाम्या कराव्यात, अशी नोटीस. मच्छिंद्रही जाणार. आता पुढे सरकारी कामावर खडी फोडणे. खडी मी फोडीन. ती यंदा सगळ्याच जातींची माणसे शेजारी बसून फोडत आहेत.

आबांना कार्ड टाकले. ऑर्डर आली होती, कशाची होती, आणि नाही म्हणालो, एवढेच लिहिले.

२५ फेब्रुवारी, रविवार

जायच्या आधी खड्डा उघडला. वरचा थर बाजूला केला आणि आत काळेभोर, भुसभुशीत खत. वास पावसाने भिजलेल्या मातीचा. मुठीत धरले तर बोटांना चिकटले नाही. ज्याच्यासाठी नाकाला पदर लावत होते ते हेच.

आणि मग काय झाले? पंधरा मिनिटांत सगळी बिल्डिंग पोती घेऊन खाली! गावाकडे पाठवायचे म्हणे. दहा नंबरवाला म्हणतो, आमच्या घरी माणसे जास्त, केर जास्त, वाटा जास्त. मच्छिंद्र म्हणतो, खड्डा मी खणलाय. दोघांनी एकमेकांची गचांडी धरायची वेळ आली. उकिरडा कुणाचाच नव्हता, तो एका सकाळीत सगळ्यांचा झाला.

मी पाटी हातात घेतली आणि बारा सारखे ढीग घातले. नंबरांनी. ज्याने त्याने आपापला ढीग पोत्यात भरला. एक नंबरचा ढीग मी परत खड्ड्यात लोटला, नव्या केराला विरजण म्हणून. आमच्याकडे शेत नाही.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळच्या गाडीने आबा आले. सामान न्यायला. माझे कार्ड त्यांच्या खिशात होते. जिन्यातला कागद आपण होऊन माझ्याकडून वाचून घेतला. दोनदा. मग माझ्या हातची भाकरी खाल्ली आणि म्हणाले, "मीठ कमी हाय."

२८ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी उठलो तर दारातला डबा नाही. शेवटच्या दिवशीसुद्धा खोड्या! तसाच अनवाणी बाहेर आलो. आबा पायरीवर बसले होते. शेजारी एक नंबरचा डबा. रिकामा, धुतलेला, पालथा. अजून ओला.

तुम्ही नेलात का, म्हणून विचारले. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"वरली म्हातारी. कठड्याला धरून धरून उतरली. तुझा डबा उचलला, खड्ड्यापातुर गेली, वतला, वर माती लोटली. वरनं तांब्याभर पानी आनून धुतला. दोनदा जिना चढली. म्या बघत हुतो."

मी तिथेच पायरीवर बसलो.

आबा म्हणाले, "बसलास काय? वर जा. तिचा डबा आन."